मनोहर, तू तोंड कशाला उघडलं

मनोहर, पन्नास वर्षं तू गप्प राहिला. आणखी दोन दिवस राहिला असता तर तुझं काय बिघडलं असतं? मंगळवारी दुपारी तू बोलला, गुरुवारी पहाटे तू गेला, आणि मधल्या वेळात मी जे उत्तर तयार केलं ते माझ्या तोंडातच राहिलं. माणसानं मरावं, त्याला कोणाची ना नाही. पण समोरच्याच्या अंगावर बोलून टाकायचं आणि तो उलटून बोलायच्या आत डोळे मिटायचे, ही कुठली रीत झाली? खेळतानाही तू असाच होता. एकदा चेंडू हातातून सुटला की तुझं काम संपलं, पुढचा पडो की मरो.

तू ज्या पोट्ट्यांना म्हातारपणी खेळ शिकवत होता ते परवा अमरावतीला माझ्या दुकानात आले होते. शोकसभेत वाटायला काही छापून राहिले आहेत, त्यात माझ्या चार ओळी पाहिजेत म्हणे. दिल्या. थोर खेळाडू, शिस्तीचा कप्तान, सच्चा मित्र. सच्चा मित्र लिहिताना माझा हात अडला नाही, याचं मला अजून नवल वाटते. ते पोट्टे खुश होऊन गेले. हे जे आता लिहून राहिलो ते त्यांच्यासाठी नाही आणि छापायलाही नाही. हे तुझं उत्तर आहे. आता ऐकायचं की नाही ते तू पाहून घे. आणि मी लिहायला बसलो की शाळेतलं मराठी येते, त्यावर हसू नको. तुझ्याशी 'गेलास-आलास' करायची मात्र मला सवय नाही, ते जमणार नाही.

सुरुवात तूच केली होती, हे विसरू नको. मी अमरावतीत बापाच्या फुलांच्या दुकानात हार गुंफत होतो आणि संध्याकाळी मैदानावर बास्केटबॉल खेळत होतो, सुखात होतो. तू अकोल्याहून आला, सायकल आमच्या दुकानाला टेकवली आणि बापाला म्हणाला की शेटजींनी आपल्या जिनिंगचा न् तेल मिलचा संघ काढला आहे, खेळाडूला पगार आहे, आणि काम फक्त खेळायचं. तेव्हा आपल्या भागात असं कोणी ऐकलंच नव्हतं. बाप हातातली सुई खाली ठेवून तुझ्याकडे पाहत राहिला.

"चेंडू फेकाचा पगार? असा पगार कोन देते बावा?"

"शेटजी देते ना काका. तुमी फक्त पोरगा द्या."

बापानं दिला. शेजारपाजारचे पुढं कित्येक महिने त्याला विचारत होते, तुमचा शंकर अकोल्याला करते काय? तो सांगायचा, तेल मिलमध्ये आहे. खेळते म्हणून सांगायची त्याला लाज वाटायची.

अकोल्यात येऊन पाहतो तर कोर्ट म्हणजे मिलच्या मागचा काळ्या मातीचा तुकडा. दोन लाकडी बोर्ड, त्याला लोहारानं ठोकून दिलेली कडी. पाऊस गेला की त्या जमिनीला भेगा पडायला लागायच्या आणि माघापर्यंत त्या एवढ्या व्हायच्या की चेंडूचा टप्पा टाकला तर तो परत हातात यायची खात्री नाही. भेगेच्या काठावर पडला तर तिरपा पळायचा, भेगेत पडला तर तिथेच बसायचा. दुसऱ्या कोणी शेटजींना सांगून सिमेंट टाकून घेतलं असतं. तू म्हणाला, टप्पाच टाकायचा नाही. चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही, हातातून हातात, हातातून हातात, अन् पाचही जणांनी सारखं पळत राहायचं.

इथे मी तुला अडवतो. टप्पा टाकायचा नाही हे पहिल्यांदा मी म्हणालो होतो. तू नाही. तिसऱ्या दिवशी चेंडू भेगेतून उसळून माझ्या नाकावर बसला तेव्हा मी म्हणालो की आता याला खाली लावणारच नाही, आणि तू हसला आणि मग तेच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आपलं म्हणून सांगितलं. यावर आपण किती वेळा भांडलो. शांता वहिनी, तुझी बायको, होती तोवर ती पंच व्हायची आणि दरवेळी निकाल माझ्या बाजूनं द्यायची, म्हणजे पाहुणा उपाशी उठून जाणार नाही.

कोणाचंही असो, त्या खेळानं सगळ्यांची भंबेरी उडवली हे खरं. त्या वर्षीच्या साखळीत मिलांचे, कारखान्यांचे संघ होते, चांगल्या सिमेंटच्या कोर्टावर तयार झालेले, एकेक जण टप्पा टाकत असा नाचायचा की पाहत राहावं. आपण त्यांना नाचायला चेंडूच दिला नाही. नागपूरचा संघ पहिल्यांदा आपल्याशी हरला तेव्हा त्यांचा एक उंच पोरगा वैतागून म्हणाला होता, "ह्या वऱ्हाडी लोकांचा चेंडू सोवळ्यात आहे काय, खाली लावत नाहीत ते?" तू त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं, "लागते ना खाली. बास्केटीतून पडला का लागतेच." तेव्हा मला वाटलं होतं की या माणसाच्या मागे कुठेही जावं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगूनही काही उपयोग नाही, आणि नंतर तू जे केलं ते पाहता बरंच झालं.

लोक यायचे ना रे किती. मिलच्या आवारात रुईच्या गाठी रचलेल्या असायच्या, त्यांच्यावर चढून बसायचे. कापूस विकायला आलेले गाडीवाले बैल सोडून द्यायचे आणि सामना पाहत बसायचे. वजनाच्या काट्यावर नंबर लागला तरी उठायचे नाहीत. पगारी खेळाडू म्हणून जे आपल्याला नावं ठेवायचे तेच ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे.

आणि मग ती ढेप. ढेपेची गोष्ट तू सगळ्या अकोल्याला सांगितली आणि दरवेळी ती कल्पना 'आम्हा सगळ्यांची' म्हणून सांगितली. ती तुझी होती. शोधाचं श्रेय एकट्यानं घ्यायचं आणि चूक सगळ्यांत वाटून द्यायची, हा तुझा हिशेब मला चांगला माहीत आहे.

अंतिम सामना आपल्या कोर्टावर, समोर पुन्हा नागपूर. आदल्या दिवशी सकाळी पंच येऊन कोर्ट पाहून गेले आणि म्हणाले, भेगा बुजवा, नाहीतर सामना नागपूरला न्यावा लागेल. मुरमाची गाडी सांगितली होती, ती आलीच नाही. मिलमध्ये मुरूम नव्हता. सरकीची ढेप होती, तेल काढून उरलेली, ढीगच्या ढीग. तू म्हणाला, ढेप कुटा, मातीत कालवा, भेगांत ठासून भरा, वरून शेणानं सारवा. आपण पाचही जणांनी अंगातले बनियन काढून दिवसभर तेच केलं. संध्याकाळी कोर्ट असं झालं होतं की शेटजी स्वतः येऊन त्यावर चालून पाहून गेले. तू कमरेवर हात ठेवून उभा होता, जणू ताजमहाल बांधला.

आपण पाच जण. त्यातले चार शेतकऱ्याच्या घरचे. लहानपणापासून गोठ्यात ढेप टाकत आलेले. ढेप कोण खाते, हे आपल्याला कोणी शिकवायला पाहिजे होतं काय? पण त्या दिवशी एकाच्याही डोक्यात बैल आला नाही. सगळ्यांच्या डोक्यात फक्त नागपूर होतं.

सकाळी येऊन पाहतो तर कापसाच्या गाड्यांचे बैल कुंपणातून आत शिरलेले आणि दक्षिणेकडची बाजू खाऊन बसलेले. नुसती ढेप नाही, ढेपेला चिकटलेली माती पण उकरून टाकलेली. रिंगच्या उजव्या हाताला चांगलं वासरू बसेल एवढा खड्डा. एक म्हातारा गाडीवान आपल्या बैलाच्या तोंडावरची माती पुसत होता. तो तुला म्हणाला, "ढेप तुमी टाकली का बाप्पा? देव तुमचं भलं करो. उपाशी होते बिचारे." त्या एका दिवशी तुझं तोंड बंद होतं.

खड्ड्यात भुसभुशीत माती लोटली, वरून तुडवली. पंचांनी पाहिलं, तोंड वाकडं केलं, पण गाठींवर माणसं चढून बसली होती, आता नागपूरला कुठे जाणार. सामना सुरू झाला. मध्यंतरानंतर ती खड्ड्याची बाजू आपल्या हल्ल्याला आली. नागपूरचे पोरं त्या खड्ड्याकडे पाऊलही टाकेनात. शेवटी शेवटी आपण एका गुणानं मागे होतो. चेंडू तुझ्या हातात आला, मधोमध. तू मान वर केली, मी तुला दिसलो, खड्ड्याच्या काठावर, एकटा, माझ्याजवळ कोणी नाही. तू चेंडू सोडला. अजूनही तो चेंडू येताना मला दिसते. तसा पास पुन्हा मला कोणी दिला नाही. उंच, पण माझ्याच हाताच्या मापाचा. मी उडालो, चेंडू कड्यात टाकला आणि खाली आलो तो त्या खड्ड्यात. पाय आत गेला, अंग बाहेर राहिलं, आणि गुडघ्यातून सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. वर लोक नाचत होते.

त्यावरचं आपलं भांडण तर तोंडपाठ झालं होतं.

"तू तिकडे पास काऊन दिला?"

"तू तठीच मोकळा होता."

"मोकळा काऊन होतो? तठी खड्डा होता म्हून ना?"

"मंग? बास्केट झालं का नाई?"

झालं. आपण जिंकलो. बापानं अमरावतीहून माझ्यासाठी झेंडूचा हार पाठवला होता, हाताएवढा जाड. मी आत बाकावर आडवा पडलो होतो, त्यामुळे शेटजींनी तो कप्तानाच्या गळ्यात घातला. खिडकीतून मी तो ओळखला. बापाची गाठ मला लांबूनही कळायची. त्याचं मी तेव्हा काही वाटून घेतलं नाही. हार ज्याच्या हाती लागला त्याच्या गळ्यात, असं म्हणून सोडून दिलं. मी तेव्हा फार गोष्टी सोडून देत होतो.

पासबद्दल मी तुला कधीच दोष दिला नाही. नीट ऐक. तोंडानं भांडलो, पण मनात नाही. मी कप्तान असतो तर मीही तिथेच दिला असता. माझं भांडण नंतरच्या गोष्टीचं आहे.

सामना संपल्यावर तू मला पाठीवर घेऊन हाडवैद्याकडे गेला. गळ्यात माझ्या बापाचा हार आणि पाठीवर मी. हाडवैद्य म्हणाला, मोडलं नाही, निसटलं आहे, मेहनत घेतली तर पावसाळ्यापर्यंत पळेल. मेहनत तू घेतली. माझ्या खोलीवर रोज यायचा, सरकीचं तेल कोमट करून गुडघ्याला चोळायचा, मी बोंबललो की म्हणायचा, "वरडू नको, शेजारी म्हणतील बाळंत होऊन राहिला." काठी दिली तूच, काढून घेतली तूच. मिलच्या भिंतीच्या कडेनं मला चालवलं, मग पळवलं. आषाढात मी पहिल्यांदा उडी मारून कड्याला हात लावला तेव्हा तू टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या कोणी पाहिलंच नाही. माझा गुडघा बरा झाला आहे हे जगात दोनच माणसांना नक्की माहीत होतं.

आणि पोळ्यानंतर शेटजींनी मला बोलावून सांगितलं की तुझा गुडघा आता कायमचा गेला, असं आमच्या कानावर आलं आहे, तेव्हा पुढच्या साली तू नको. मी म्हणालो, शेटजी, आता उडी मारून दाखवतो. ते म्हणाले, कशाला दुखवून घेते बाबा, घरी जा. एवढ्या प्रेमानं म्हणाले की उडी मारायची राहूनच गेली. मी पेटी उचलली आणि अमरावतीला जाऊन बापाच्या शेजारी हार गुंफायला बसलो. तेव्हापासून तिथेच बसलो आहे.

शेटजींना कोणी सांगितलं? एवढंच मला पाहिजे होतं. संशय सगळ्यांवर घेऊन झाला. मुनीम, हाडवैद्य, संघातला तो मोर्शीचा पोरगा ज्याला माझी जागा मिळाली. तुझ्यावर घेतला नाही असं नाही. रात्री झोप लागली नाही की घ्यायचो आणि सकाळी काढून टाकायचो. ज्यानं आपल्या हातानं गुडघा बसवला तो कशाला सांगेल, असं म्हणायचो. तरी दरवर्षी पितृपक्षात, फुलांचा धंदा थंड असते तेव्हा, मी एसटी धरून अकोल्याला तुझ्याकडे यायचो आणि तुला तोंडावर विचारायचो.

"मनोहर, शेटले कोनं सांगतलं गा?"

तू म्हणायचा, "पयले चाय घे, मंग बोलू." आत ओरडायचा, "चाय मांड वं, शंकर आला." चहा यायचा. चहाबरोबर चिवडा यायचा. मग तू टप्प्याचं भांडण काढायचा, ढेपेचं काढायचा, मग वहिनी जेवूनच जा म्हणायची, आणि संध्याकाळी एसटीत बसल्यावर मला आठवायचं की याही वर्षी उत्तर मिळालं नाही. वहिनी गेली तेव्हा चहा तू स्वतः मांडायला लागला. साखर जास्त टाकायचा. कल्पना, तुझी पोरगी, शिकवायला जाते त्या शाळेतून आली की दुसऱ्यांदा मांडायची. मिल बंद पडली, शेटजी गेले, संघातले बाकीचे तिघं गेले, कोर्टावर घरं झाली, आणि तू तेच म्हणत राहिला, पयले चाय घे.

मग मंगळवार. दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी. कल्पना औषधं आणायला खाली गेली होती. मी सवयीनं विचारलं. खरं सांगतो, उत्तर पाहिजे म्हणून विचारलं नव्हतं. तू चहाचं म्हणशील, इथे चहा कुठला म्हणून मी तुला चिडवीन, थोडा हसशील, असं वाटलं होतं.

तू माझ्याकडे न पाहता म्हणाला, "शेटले म्याच सांगतलं."

मी म्हणालो, "काय?"

"गुडघा गेला म्हून म्या सांगतलं. गेला नोता, मले माहीत होतं. शेट तुले कप्तान करून राहिला होता. मले सहन नाई झालं, शंकर."

मी उठलो आणि चालायला लागलो. जिन्यात कल्पना भेटली, काका म्हणाली, मी थांबलो नाही. पहिली मिळाली ती अमरावतीची गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत तुला फक्त शिव्या दिल्या. शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला, म्हणजे मी मोठ्यानं देत होतो. तू माझा खेळ खाल्ला. त्या बैलांना निदान भूक तरी लागली होती. तुला काय लागलं होतं? तेवीस वर्षांचा होतो मी. माझ्या पायात अजून दहा वर्षांचा खेळ होता आणि तू त्याला चार शब्दांत मातीत घातला. आणि कशासाठी, तर पुढच्या साली तुम्ही धड तिसरे पण आले नाही. माझ्या बापानं नंतर जन्मभर लोकांना सांगितलं की आमच्या शंकरला खेळाचा कंटाळा आला. मरेपर्यंत त्यानं हे सांगितलं, आणि तू त्याच्या तेरवीला येऊन दोनदा बुंदी वाढून घेतली.

मूर्तिजापूरच्या पुढे प्रश्न सुरू झाले. सांगायचंच होतं तर मालिश कशाला केली? आषाढात टाळ्या वाजवल्या तेव्हाच ठरवलं होतं का नंतर? तेल कोमट करताना तुझ्या मनात काय चालायचं? माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवाला खांदा दिला तो त्याच खांद्यानं ना, ज्यावर मला नेलं होतं? हे सगळं खोटं होतं असं एकदा तरी म्हणून टाकावं, असं मी खूप घोकलं. जमलं नाही. तेल खरं होतं. ते मला माहीत आहे. त्यामुळे जास्त राग येते. तू पुरता हरामखोर निघाला असता तर मी बडनेऱ्याला उतरून चहा घेतला असता आणि तुला विसरून गेलो असतो.

बडनेरा आलं तेव्हा मला खरं उत्तर सापडलं. ते असं होतं, ऐक. तू सांगायला नको होतं. तू नाही सांगितलं म्हणून मी पन्नास वर्षं येत होतो. एवढं कळायला नको का तुला? आता मी कशाच्या निमित्तानं येऊ? तू आधी माझा खेळ घेतला आणि जाता जाता माझं अकोलं पण घेतलं. मनावरचं ओझं उतरवून तू हलका झाला असशील, पण ते ठेवलं कुठे? माझ्या डोक्यावर. आणि मला ते फेकून मारायला तू जागेवर नाही.

मी ठरवलं होतं, बुधवारी दोन लग्नांचे हार आहेत ते करून टाकायचे आणि गुरुवारी सकाळच्या गाडीनं यायचं. पलंगाजवळ बसून तुला हे सगळं क्रमानं ऐकवायचं. आधी शिव्या, मग प्रश्न. तुला धाप लागली तर थांबायचं, पण सोडायचं नाही. पिशवीही भरून ठेवली होती. पहाटे कल्पनाचा फोन आला.

तुझ्या अंगावरचा हार मीच केला. लोकांनी निशिगंधाचे, गुलाबाचे आणले होते. मी झेंडूचा केला, हाताएवढा जाड, माझ्या बापाच्या गाठीचा. तेव्हा माझा हार तुझ्या गळ्यात गेला होता, तसाच पुन्हा घातला. तिरडीवर तू त्या हारात चांगला दिसत होता, हे बघून मला फार संताप आला. मग रडलो. लोकांनी धरलं, म्हणाले जुने दोस्त आहेत, रडू द्या. मी कशानं रडून राहिलो हे त्यांना सांगायला गेलो असतो तर त्यांनी तिथूनच हाकलून दिलं असतं.

काल तुझी तेरवी झाली. मला पहिल्या पंगतीत बसवलं. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. मी बुंदी दोनदा घेतली, तुझी फेड म्हणून. पंगत उठल्यावर कल्पना माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे तुझे आहेत, पण नजर वहिनीची, समोरच्याला सोडत नाही.

"काका, एक विचारू का? त्या दिवशी तुमी जिन्यात भेटले ना, तुमचा चेहरा पाहून मी घाबरली. वर गेली तं बाबा रडून राहिले होते. मी बाबाले कधी रडताना पाहिलं नोतं. काय झालं म्हटलं, तं एवढंच म्हणे, शंकर आता येत नाई."

मनोहर, कोणी सांगितलं तुला मी येत नाही म्हणून? पिशवी भरलेली होती लेका. गुरुवारची गाडी होती. पन्नास वर्षांत एक तरी साल मी चुकवलं होतं का? गुडघा दुखत असताना आलो, बायको आजारी असताना आलो, रस्ते बंद असताना बडनेऱ्याहून रेल्वेनं आलो. तू माझ्यावर एवढासा विश्वास ठेवायला पाहिजे होता. मी तुला माफ केलं नसतं. ती गोष्टच वेगळी. पण मी आलो असतो. उठून गेलेला माणूस परत येते, हे तुला माहीत असायला पाहिजे होतं. तू ते मनात धरून गेला, आणि आता मी ते कुठे जाऊन खोडू?

"काका," कल्पना म्हणाली, "बाबा तुमाले काय बोलले होते?"

माझ्या जिभेवर आलं होतं. चार शब्दांचं काम होतं, तू शेटजींना सांगितलं तेवढ्याच शब्दांचं. भिंतीवर तुझा फोटो, त्याला मीच केलेला दुसरा हार, खाली तो त्या वर्षीचा चषक, पोरांनी घासूनपुसून ठेवलेला. दारात ते तुझे पोट्टे पाण्याचे ग्लास वाटत होते, आणि तुझी पोरगी तोंड वर करून माझ्याकडे पाहत होती. तिला सांगितलं तर तिचं ते बघणं बदलेल हे मला दिसत होतं. तुझी मला काही पर्वा नाही. तू वर गेला, तुझं तू बघ. पण ती काल मला काका म्हणून विचारत होती, आणि एकदा सांगून टाकलं की तिलाही माझ्याकडे यायचं कारण राहणार नाही, आणि मला तर राहिलंच नाही. तुझ्यासारखा मूर्खपणा मी करणार नाही.

"मोठी गोष्ट आहे ते," मी म्हणालो. "इथं नाई सांगता येत."

"मंग मी अमरावतीले येतो," ती म्हणाली. वहिनीसारखीच आहे, हट्टी. "दिवाळीच्या सुट्ट्यांत येतो."

"दिवाळीत दुकानात गर्दी असते. पितृपक्षात येत जा. तवा मी मोकळा असतो."

ती खरंच येणार आहे. मला माहीत आहे, ती तुझी पोरगी आहे. दुकानापुढच्या बाकावर बसेल, पिशवी मांडीवर घेईल आणि विचारेल, काका, बाबा काय बोलले होते? आणि मी हातातली सुई खाली ठेवीन, समोरच्या टपरीवाल्याला बोट दाखवीन आणि तिला म्हणीन, पयले चाय घे वं माय, मंग बोलू.